पाणी पावणेपाचला येतं

वजनाबद्दल सल्ला देणाऱ्यांची मुंबईत कधी टंचाई नसते. पंचेचाळिशी उलटल्यावर माझ्या कमरेचा घेर वाढायला लागला आणि जो तो मला खाण्याचं विचारायला लागला. भात किती वाट्या? चहा साखरेचा की बिनसाखरेचा? रात्री जेवायला किती वाजतात? गणपतीत मोदक किती हाणलेस? नणंदेने विचारलं, ऑफिसातल्या शिपायाने विचारलं, ज्यांच्याकडे गुडघे दाखवायला गेले होते त्या डॉक्टरांनीही विचारलं. झोपतेस किती, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

तर आज झोपेवर लिहितेय. माझ्या, आणि माझ्या वयाच्या बायकांच्या. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बॅलार्ड इस्टेटला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. कागद हातात आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही, एवढंच माझं भांडवल. वय ५२, उंची पाच फूट एक इंच. वजन पुढे येईल.

आम्ही भांडुप पश्चिमेला टेकडीच्या बाजूला राहतो. मुंबईचं बरंचसं पाणी आमच्या भांडुपच्याच जलशुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊन शहरभर जातं. आमच्या इमारतीला मात्र ते पहाटे पावणेपाचला येतं आणि सव्वासहाला जातं, आणि चढावर असल्यामुळे जोर यथातथाच. गच्चीवरची टाकी लहान, त्यामुळे घरटी पिंप आहेच. नळ उघडा टाकून झोपायची सोय नाही. एकदा पिंप वाहिलं आणि पाणी खालच्यांच्या बेडरूममध्ये उतरलं, त्यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून पहाटे उठायचं ते मीच. नळातून आधी नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ पाण्याची एक पिचकारी येते, मग धार लागते. ती पहिली पिचकारी पिंपात जाऊ द्यायची नाही, म्हणून पाइप हातात धरून मोरीत उभं राहायचं. बारा महिने.

त्याआधीची रात्रही सांगते. ओटा आवरून, सासूबाईंना गोळी देऊन, उद्याची मटकी भिजत घालून अंथरुणाला पाठ टेकायला साडेअकरा. मुलगा ऐरोलीला अमेरिकेच्या शिफ्टमध्ये आहे. रात्री अडीचच्या सुमाराला कंपनीची गाडी त्याला खाली सोडते, त्याचा मिस्ड कॉल आला की मी दार उघडायचं. दाराला आतून साखळी, कारण सासूबाईंना साखळीशिवाय झोप येत नाही. मग त्याला भाजी-पोळी गरम करून द्यायची, समोर बसायचं, बसल्या बसल्या त्याच्या ताटातला घास-दोन घास किंवा डब्यातला मूठभर चिवडा तोंडात टाकायचा. सव्वातीनला परत आडवं व्हायचं. पावणेपाचला पाणी. मध्ये सासूबाईंची बाथरूमची फेरी असतेच.

यात पाळी जायला आली. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास थांबते, पाश्चात्त्य देशांतल्या बायकांपेक्षा काही वर्षं आधी. माझीही त्याच सुमारास गेली आणि जाताना अंगात भट्टी पेटवून गेली. पंखा पाचवर, तरी मान आणि छाती घामाने निथळायची. पाच मिनिटांनी ओल्या गाऊनमध्ये हुडहुडी भरायची. ऑक्टोबरमधल्या मुंबईत हे करून बघा. अमेरिकेत १९९६ पासून मध्यमवयीन बायकांचा ‘स्वान’ नावाचा मोठा अभ्यास चाललेला आहे, त्यात या गरम झळांचा काळ साडेसात वर्षांच्या जवळपास निघाला. निम्म्या बायकांना त्याहून जास्त. मी समजत होते सहा महिन्यांचं काम आहे!

झोपेची भरपाई ट्रेनमध्ये. भांडुपहून मी मुद्दाम स्लो पकडते, बसायला मिळण्याची आशा तरी असते. विक्रोळी गेलं की मान पडायची ती मशीदला कोणीतरी गुडघ्याला हात लावून उठवेपर्यंत. ‘एपवर्थ’ नावाची एक प्रश्नावली आहे, १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरांनी केलेली. दिवसा कुठे कुठे झोप येते ते विचारते: वाचताना, टीव्ही बघताना, वाहनात तासभर बसल्यावर, अशा आठ ठिकाणी. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, दहाच्या वर गेलं तर तपासून घ्या. ही प्रश्नावली लेडीज डब्यात वाटली तर वाहनाच्या प्रश्नाला सगळ्या डब्याला तीनपैकी तीन मिळतील. आम्हाला ते आजाराचं लक्षण वाटतच नाही, बसायला मिळाल्याचं सुख वाटतं.

आणि डाएट चालू होतेच. लेडीज डब्यात भाजी निवडता निवडता जेवढी डाएटं सांगितली जातात तेवढी कुठल्या क्लिनिकमध्येही सांगत नसतील. मेथीचं पाणी, जिऱ्याचं पाणी, कोमट पाण्यात लिंबू, दोनच वेळा जेवण, सातनंतर तोंड बंद. सगळी थोडी थोडी केली. दोन किलो उतरायचे, तीन चढायचे. काटा ७८ ला जाऊन बसला.

मग बहिणीने ऐकलं. चिपळूणला भाच्याचं लग्न होतं, आम्ही सगळ्या बायका माजघरात ओळीने गाद्या घालून झोपलो होतो. सकाळी चहाच्या वेळी ती मला परसात घेऊन गेली आणि मोबाइल कानाला लावला. “ताई, हे ऐक.” घोरणं होतं, ते अपेक्षित होतं. नंतर एकदम शांत. मागे रातकिडे, कुठेतरी कुत्रं भुंकतंय, आणि माझा आवाज गायब. मी तिला म्हटलं, संपलं का? ती म्हणाली, थांब. मग घशातून ओढून काढल्यासारखा एक घर्र आवाज, आणि पुन्हा घोरणं सुरू. “असं तू रात्रभर करत होतीस. मी मोजायचं सोडून दिलं आणि तुला कुशीवर वळवलं.” घरी हे शेजारीच झोपतात, पण ह्यांची झोप अशी की पावणेपाचला बादली पडली तरी कूस बदलत नाहीत.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा, घोरणं जाईल. चुकीचं नाही ते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये शेकडो माणसांची झोप वर्षानुवर्षं मोजली, त्यात १० टक्के वजन उतरलं की श्वास अडण्याचं प्रमाण सरासरी २६ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं आणि १० टक्के चढलं की ३२ टक्क्यांनी चढलेलं. पण वजन कमी कसं करायचं, त्याचा रस्ता नेमका झोपेतूनच जात होता आणि तो बंद होता. मी छातीच्या डॉक्टरांकडे गेले. बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: “सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का?” हो, रोज. मला वाटायचं पित्त आहे.

तपासणी घरीच झाली. छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला चिमटा. मुलाने त्या रात्री स्वतःच दार उघडून आत येता यावं म्हणून साखळी काढून ठेवली, तर सासूबाई दोनदा उठून बघून आल्या. रिपोर्टचा आकडा १९. म्हणजे तासाला १९ वेळा माझा श्वास निदान दहा सेकंद थांबत होता किंवा अर्धवट होत होता. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून जागा होतो, वाट उघडते, आणि आपण परत झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. एवढंच आठवतं की आठ तास पडून राहिले तरी अंग मोडून आलंय. माझे तर आठही नव्हते.

डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं. पाळी असेपर्यंत प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन श्वासाला चालना देत असतं आणि घशाच्या स्नायूंना सैल पडू देत नाही. पाळी गेली की ते पाठबळ जातं. त्याच सुमारास चरबीची जागाही बदलते. मांड्या-नितंबांवर बसणारी चरबी पोटावर जायला लागते. ‘स्वान’मध्ये आणखी एक गोष्ट दिसली, ती मला फार पटली: वजनाचा काटा वयाप्रमाणे एका गतीने चढत राहतो, रजोनिवृत्तीमुळे त्याला काही वेगळी उसळी मिळत नाही. बदलतं ते आतलं. त्या काही वर्षांत चरबी भराभर वाढते, स्नायू घटतात. म्हणजे काटा तोच दाखवत असला तरी ब्लाउज मात्र शिवून घ्यावे लागतात. शिंपी आधी ओळखतो, काटा नंतर.

पुरुष घोरला की बायको तक्रार करते आणि त्याची तपासणी होते. बाईचं घोरणं बहुतेकदा तेवढं गडगडाटी नसतं, आणि असलं तरी ती लाजेने सांगत नाही. ती सांगते की थकवा आहे, झोप लागत नाही, डोकं धरतं, चिडचिड होते. तिला लोहाच्या गोळ्या मिळतात आणि ‘टेन्शन घेऊ नका’ मिळतं. लोहाच्या गोळ्या वाईट नाहीत हं. आमच्या डब्यातल्या एकीचे पाय रात्री वळवळायचे, हलवल्याशिवाय राहवायचं नाही, तिचं फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तळाला गेलेलं निघालं आणि लोहानेच तिला झोप लागायला लागली. थायरॉइडही बघून घ्यावं. पण या सगळ्यात झोपेची तपासणी क्वचितच येते.

आता वजनाचं. घरी आल्यावर मी वाचायला बसले आणि पहिलाच प्रसिद्ध अभ्यास वाचून हसू आलं. २००४, शिकागो विद्यापीठ. बारा निरोगी तरुण पुरुष. दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्के वाढलं, आणि भूक २४ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी सांगितलं. त्यातही गोड, खारट, पिठूळ खावंसं जास्त वाटायला लागलं. चांगला अभ्यास आहे, पण चार तास झोपण्यासाठी बारा तरुण पोरं शोधून प्रयोगशाळेत आणायची काय गरज होती? पहाटे पाण्याच्या वेळी भांडुपला यायचं, दारोदार नमुने मिळाले असते.

बायकांवरचा अभ्यास मिळाला तो नर्सेसचा. ६८ हजारांवर अमेरिकन परिचारिका, १६ वर्षं पाठपुरावा, २००६ मध्ये छापला गेला. पाच तास किंवा कमी झोपणाऱ्यांचं वजन सात तास झोपणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं, लठ्ठ होण्याची शक्यता १५ टक्क्यांनी जास्त, आणि १५ किलो किंवा त्याहून अधिक वाढण्याची शक्यता तर ३२ टक्क्यांनी जास्त. सरासरी फरक मोठा नाही, किलोभराच्या थोडा वर. पण पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं: कमी झोपणाऱ्या बायका स्वतःच्या सांगण्याप्रमाणे जास्त नव्हे, कमी खात होत्या. बायका खाल्लेलं कमीच सांगतात असं कोणी म्हणेल. म्हणोत. पण जास्त झोपणाऱ्यांनाही तोच नियम लागू आहे ना?

त्याहून जवळचा अभ्यास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा, २०२३ चा. साधारण चाळीस बायका, त्यांतल्या काही पाळी गेलेल्या. व्यवस्थित झोपणाऱ्यांना सहा आठवडे रोज साधारण दीड तास उशिरा झोपायला लावलं. रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्शुलिनला शरीराने दाद न देण्याचं प्रमाण एकूण १५ टक्क्यांच्या आसपास वाढलं, पाळी गेलेल्यांमध्ये २० टक्क्यांच्या. आणि ते वजन वाढल्यामुळे नव्हे, वजनाचा हिशेब वेगळा काढूनही. दीड तास म्हणजे काय, मुलाचं जेवण आणि सासूबाईंची फेरी.

माझ्या डाएटचं कोडं मात्र शिकागोच्याच २०१० च्या एका छोट्या प्रयोगाने सोडवलं. दहाच माणसं, जाड, मध्यमवयाची. जेवण दोन्ही वेळा सारखंच मोजून-मापून कमी केलेलं. एकदा दोन आठवडे रोज साडेआठ तास बिछान्यात, एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं. पण पुरेशी झोप असताना १.४ किलो चरबी गेली, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६ किलो. बाकीचं गेलं ते बहुतेक स्नायूंसकट इतर वजन. म्हणजे मी मेथीचं पाणी पिऊन जे दोन किलो उतरवत होते त्यात चरबी किती आणि दंडाचं मांस किती, देवाला ठाऊक. पन्नाशीत एकदा गेलेला स्नायू परत आणायला किती घाम गाळावा लागतो, ते आता बागेतल्या व्यायामाच्या सामानावर कळतंय.

घरी बैठक झाली. बैठक म्हणजे रविवारी दुपारी मटणाच्या रश्श्यानंतर सगळे सुस्तावले असताना मी रिपोर्ट मधोमध ठेवला. मुलाला म्हटलं, उद्यापासून किल्ली तुझ्याकडे, साखळी निघणार. सासूबाईंनी तोंड फिरवलं. मुलगा म्हणाला, “आई, मी चोवीस वर्षांचा आहे, मला पोळी गरम करता येते.” मग जरा थांबून म्हणाला, “खरं सांगू? मी एकला कँटीनमध्ये जेवूनच येतो. तू उठून बसतेस म्हणून खायचो.” मी आणि तो, भूक नसलेली दोन माणसं, मध्यरात्री एकमेकांसाठी जेवत होतो. ह्यांना एवढं हसू आलं की ठसका लागला. मला आधी राग आला, मग मीही हसले.

पाण्याचा प्रश्न जास्त अवघड निघाला. हे म्हणाले, “मी उठेन.” काही दिवस उठलेही, पण मला आधी जाग यायची, मग ह्यांना उठवायचं, मग पाइप कुठे आहे ते सांगायचं, एवढ्यात माझी झोप पूर्ण उडालेली असायची. शेवटी प्लंबरला बोलावलं. त्याने पिंपाला बॉलकॉक बसवला, नळापासून पक्का पाइप घेतला आणि पहिलं गढूळ पाणी अडवायला मध्ये गाळणी टाकली. पिंप भरलं की पाणी आपोआप बंद. दुपारभराचं काम. गाळणी धुवायचं खातं ह्यांच्याकडे आहे आणि ते ती धुतात, हे इथे नोंदवून ठेवते.

पहाटेची झोप मिळायला हवी होती त्याला आणखी एक कारण होतं. स्वप्नं पडतात ती, डोळे भिरभिरण्याची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात सर्वांत जास्त असते. बायकांमध्ये अ‍ॅप्निया पुष्कळदा नेमका याच झोपेत जोर करतो. पावणेपाचला उठणाऱ्या बाईची ही झोपच कापली जाते, आणि राहील तेवढ्यात श्वास अडतो.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. नोकरी आणि लोकल सोडून हं. दिवसाचे तास चोवीसच, तेव्हा ती दोनशे मिनिटं येतात कुठून? ऑफिसच्या मस्टरमधून येत नाहीत. झोपेला हात घालणं सगळ्यात सोपं, कारण तिथे ओरडायला कोणी जागं नसतं. माझं म्हणणं आहे ते एवढंच: पन्नाशीच्या बाईच्या पोटाकडे बघून तिच्या ताटाकडे बोट दाखवण्याआधी तिच्या घरात रात्री कोण कोण तिला उठवतं ते बघा.

आता मशीन. सीपॅप. हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवते. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. सुरुवातीच्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी फिरवून वापरली होती. हल्लीची यंत्रं टिफिनच्या डब्याएवढी आणि आवाज जवळपास नाही. मी आधी भाड्याने आणलं, सोसतंय म्हटल्यावर विकत घेतलं. सासूबाईंनी पहिल्या रात्री दिवा लावून बघितलं आणि म्हणाल्या, “गो बाय, ही काय गणपतीची सोंड लावन झोपतंस?” सोंडेची सवय व्हायला वेळ लागला. पावसाळ्यात नळीत दमट पाणी जमतं, गालावर पट्ट्यांचे वळ उठतात. सकाळचं डोकं दुखणं मात्र सर्वांत आधी गेलं.

आणि वजन? इथे बऱ्याच जणींची निराशा होईल. मशीन लावल्याने वजन उतरत नाही. उलट अनेक चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा सीपॅप वापरणाऱ्यांचं वजन किंचित वाढलेलंच आढळलं. डॉक्टरबाईंनी हे मला मशीन घेण्याआधी सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभार. रात्रभर श्वासासाठी झटापट करण्यात शरीर जे खर्च करत होतं ते वाचतं, असं एक कारण देतात. झोप मिळाल्याने चार गोष्टी करण्याचं त्राण येतं, मग त्या करायच्या असतात. मी संध्याकाळी भांडुप स्टेशनवरून रिक्षा न करता चालत येते, आणि आठवड्यातून तीनदा बागेत दंडाचा-मांडीचा व्यायाम. काटा ७४ ला आलाय, सावकाश. कमरेचा घेर अजून ८० सेंटिमीटरच्या वरच आहे. भारतीय बायकांसाठी ८० ची मर्यादा सांगतात, अमेरिकन बायकांची ८८. चारचा चहा बंद केला. ते सगळ्यात जड गेलं.

डब्यात सध्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनची चर्चा जोरात आहे. टिर्झेपटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह असलेल्या मध्यम-तीव्र अ‍ॅप्नियासाठीही मान्यता मिळाली, आणि मार्च २०२५ पासून ते औषध भारतातही आहे. कोणाला उपयोगी, कोणाला नाही, ते डॉक्टर ठरवतील. दार कोण उघडणार हे काही इंजेक्शन ठरवत नाही.

एकदा घाटकोपर आणि कुर्ल्याच्या मध्ये गाडी खोळंबली होती. पिना-टिकल्या विकणारी चढली होती, तिच्याकडे शिंप्याची टेप निघाली. हा आजार असण्याची शक्यता ओळखायच्या ‘स्टॉप-बँग’ नावाच्या तपासणीत घोरणं, थकवा, रक्तदाब, वय अशा प्रश्नांबरोबर मानेचा घेरही विचारतात. बायकांसाठी १६ इंचांच्या पुढे गेला तर एक गुण. आम्ही तिथेच माना मोजल्या. टेप पूर्ण डब्यात फिरली, एक कॉलेजची मुलगी आकडे मोबाइलवर लिहून घेत होती. माझी सव्वापंधरा. सावंत मॅडमची साडेसोळा, त्या लगेच पदराने मान झाकून बसल्या. ज्योतीची जेमतेम साडेबारा. तिला आम्ही काडी म्हणतो, वजन ५२ किलो, खायला काही धरबंध नाही आणि अंगाला काही लागत नाही. “मला कसला अ‍ॅप्निया,” म्हणत तिने टेप पुढे दिली. पण बाकीचे प्रश्न विचारले तर रक्तदाबाची गोळी चालू, दिवसभर पेंगते, नवरा हॉलमध्ये झोपायला जातो. पूर्व आणि दक्षिण आशियातल्या लोकांच्या जबड्याची ठेवण अशी असते की हवेची वाट मुळातच अरुंद, त्यामुळे बारीक माणसालाही हे होऊ शकतं, एवढं मी वाचलेलं होतं. तेच तिला सांगितलं.

गेल्या आठवड्यात तिचा रिपोर्ट आला. २६. माझ्यापेक्षा सात जास्त. आता नाकाचा मास्क घ्यायचा की नाक-तोंड झाकणारा, यावर आमच्या डब्यात रोज वाद चाललाय, आणि सावंत मॅडमनी पुढच्या शनिवारची वेळ घेतली आहे.